साथीच्या काळातला परदेशप्रवास: प्रवेशाच्या अटींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२० च्या उन्हाळ्यापासून पुढची दोन-अडीच वर्षे मी पुण्यात ओळखीच्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीच्या कुटुंबांचे प्रवासाचे कागद तपासून देत होते. लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेले आई-वडील, ब्रिटनमध्ये प्रवेश मिळालेली मुले, सुट्टीवर गावी येऊन अडकलेले आणि आखातातल्या नोकरीवर परतायची घाई असलेले कोकणातले तरुण. त्यांचे प्रश्न मी वहीत टिपून ठेवत गेले. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची आंतरराष्ट्रीय आणीबाणी संपल्याचे जाहीर केले आणि प्रवेशाच्या त्या अटीही उठल्या. पण अशी साथ पुन्हा आली तर प्रश्न बहुधा हेच असतील, लशीचे नाव तेवढे वेगळे असेल. म्हणून ती वही इथे उतरवत आहे. तारखा मुद्दाम ठेवल्या आहेत. नियम किती भराभर बदलत होते हे त्यावरून कळेल.

व्हिसा आहे, तिकीट आहे. मग आम्हाला अडवणार कोण?

चेक-इन काउंटरवर बसलेला विमान कंपनीचा कर्मचारी. परदेशातला इमिग्रेशन अधिकारी फार नंतर भेटतो. साथीच्या काळात खरी वेस मुंबईच्या विमानतळावरच असते. अटी पूर्ण न करणारा प्रवासी नेला तर त्याला परत आणण्याचा खर्च कंपनीच्या गळ्यात पडतो, बऱ्याच देशांत वर दंडही होतो. त्यामुळे काउंटरवरचा माणूस त्याच्या संगणकावर टिमॅटिक उघडतो. कोणत्या देशात शिरायला काय लागते याची ही माहिती विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेकडून, म्हणजे आयाटाकडून, येते. तिथे जे लिहिलेले असेल ते त्याला तुमच्या हातात दिसले पाहिजे. तुमची बाजू कितीही खरी असली तरी स्वतःच्या अधिकारात सूट द्यायची त्याला मुभा नसते.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगत असे: कागद असा तयार करा की तुम्हाला कधीही न भेटलेल्या, रात्री एक वाजता दमलेल्या माणसाला तो दोन मिनिटांत कळेल. वकिलातीकडून ईमेलवर काही उत्तर आले असेल तर तेही छापून जवळ ठेवा. मोबाइलवर शोधत बसू नका.

नियम नेमके कुठे वाचायचे? प्रत्येक जण वेगळे सांगतो.

जिथे जाणार त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर, वाटेत उतरणार असाल त्या देशाच्या, आणि तुमच्या विमान कंपनीच्या. परतीसाठी भारताच्या आरोग्य मंत्रालयाच्या. शिवाय राज्य आणि महापालिका यांना विसरू नका. मावसभाऊ गेल्या महिन्यात जाऊन आला असेल तर त्याचा अनुभव ऐका, पण त्यावर तिकीट काढू नका.

कोविडचा ओमिक्रॉन हा नवा प्रकार आला त्या आठवड्याचे उदाहरण घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने या प्रकाराला २६ नोव्हेंबर २०२१ रोजी नाव दिले. केंद्राचे नवे नियम १ डिसेंबरपासून लागू झाले. त्याच्या आदल्या दिवशी, ३० नोव्हेंबरला, महाराष्ट्राने केंद्रापेक्षा कडक आदेश काढला आणि २ डिसेंबरला तो बदलून केंद्राशी जुळवून घेतला. त्या दोन-तीन दिवसांत मुंबईत उतरलेल्या माणसासाठी निघतानाचा नियम एक आणि उतरतानाचा दुसरा होता. वाचलेल्या पानाची तारखेसह छापील प्रत काढा, आणि निघायच्या आदल्या दिवशी तेच पान पुन्हा उघडा.

‘७२ तासांच्या आत’ म्हणजे कधीपासून?

कोविडची चाचणी प्रवासाआधी ठरावीक तासांच्या आतली हवी, अशी अट असे. सगळ्यांत जास्त विमाने याच प्रश्नावर चुकली, म्हणून सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट: तास मोजायचे ते नमुना घेतल्यापासून. रिपोर्ट हातात पडल्यापासून नव्हे. रिपोर्टवर दोन्ही वेळा असतात आणि घाईत भलतीच वाचली जाते. काही प्रयोगशाळा नमुन्याची फक्त तारीख छापत, वेळ नाही. असा रिपोर्ट लगेच परत पाठवून वेळ घालून घ्यायचा.

दुसरी गोष्ट: कुठपर्यंत मोजायचे? विमान सुटेपर्यंत की पोहोचेपर्यंत? देशागणिक उत्तर वेगळे असे. वाटेत विमान बदलायचे असेल तर पहिले विमान धरायचे की शेवटचे, हेही वेगळे. अमेरिकेच्या नियमात सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल आणि मधला थांबा २४ तासांच्या आतला असेल तर पहिल्या विमानापासून हिशेब होता. दोन स्वतंत्र तिकिटे काढली की तो दिलासा गेला. स्वस्त पडते म्हणून दोन तिकिटे काढणाऱ्यांना हे सांगावेच लागे.

तिसरी गोष्ट: तास की दिवस? अमेरिका दिवस मोजत असे. आधी तीन दिवस होते, ६ डिसेंबर २०२१ पासून एक दिवस झाला. एक दिवस म्हणजे २४ तास नव्हेत. विमान शनिवारी असेल तर शुक्रवारी कोणत्याही वेळी दिलेला नमुना चालत होता.

आता मुंबईहून पहाटे सुटणाऱ्या विमानाचा घोळ. समजा विमान शनिवारी पहाटे २ वाजता आहे. घरचे म्हणतात ‘शुक्रवारी निघायचंय’, आणि मोजणी शुक्रवारपासून उलटी सुरू होते. ७२ तासांच्या नियमात नमुना बुधवारी पहाटे २ नंतरचा हवा. बुधवारी सकाळी १० ला दिला तर शनिवारी सकाळी १० पर्यंत चालतो, म्हणजे हाताशी आठ तास उरतात. विमान नऊ तास रखडले की रिपोर्ट बाद. म्हणून गुरुवारी सकाळी नमुना द्या, रिपोर्ट रात्रीपर्यंत येतो, आणि नाहीच आला तर शुक्रवार हाताशी राहतो. एका कागदावर विमानाची वेळ लिहून मागे मागे जायचे. मनातल्या मनात करू नये.

रिपोर्टवर काय काय असायला हवे?

पासपोर्टप्रमाणे नाव, पासपोर्ट क्रमांक, नमुन्याची तारीख आणि वेळ, चाचणीचा प्रकार (आरटी-पीसीआर की अँटीजेन, हे स्पष्ट शब्दांत), निकाल, प्रयोगशाळेचे नाव आणि आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, मान्यता. भाषा इंग्रजी. दुबईसाठी क्यूआर कोड सक्तीचा होता आणि तो स्कॅन केल्यावर मूळ रिपोर्ट उघडायला हवा होता. घरी स्कॅन करून बघा. उघडला नाही तर प्रयोगशाळेला लगेच फोन करा, कारण रात्री विमानतळावरून केलेला फोन कोणी उचलत नाही.

दुबईला जाताना विमानतळावर पुन्हा चाचणी का, आणि ती पॉझिटिव्ह आली तर?

एप्रिल २०२१ च्या अखेरीस संयुक्त अरब अमिरातींनी भारतातून येणारी प्रवासी वाहतूक थांबवली. दुबईची दारे पुन्हा उघडली तेव्हा घरून केलेल्या आरटी-पीसीआरबरोबर विमानतळावरची रॅपिड पीसीआर चाचणी आली. आधी सुटण्यापूर्वी चार तासांच्या आतली, नंतर सहा तासांच्या. २२ फेब्रुवारी २०२२ पासून दुबईने ती काढली.

मला या नियमाचा त्रास सर्वांत जास्त जाणवला तो रत्नागिरी, चिपळूणकडून येणाऱ्या मुलांसाठी. रात्रभर बसने येऊन, सामान बांधून, घरच्यांचा निरोप घेऊन माणूस विमानतळावर पोहोचतो आणि तिथे कळते की जाता येणार नाही. महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून साध्या आरटी-पीसीआरला ५०० रुपयांची मर्यादा होती. विमानतळावरच्या रॅपिडला हजारो रुपये पडत, आणि पॉझिटिव्ह आली तरी ते परत मिळत नसत. म्हणून तीन गोष्टी आधी ठरवा. तारीख बदलता येईल असेच तिकीट काढा, चार पैसे जास्त पडले तरी. मुंबईत वेगळे राहता येईल अशी एखादी जागा बघून ठेवा, कारण लागण झालेल्या माणसाने पुन्हा बसमध्ये बसून गावी जायचे नाही. आणि मालकाला किंवा कंपनीला आधीच लिहून कळवा की असे होऊ शकते, म्हणजे ‘आला नाही’ असा शेरा पडत नाही.

पासपोर्टवरचे नाव आणि लशीच्या प्रमाणपत्रावरचे नाव जुळत नाही. चालेल का?

नाही, आणि मराठी घरांत हे हमखास होते. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे किंवा नवऱ्याचे. ते पासपोर्टवर कधी असते, कधी नसते. लग्नानंतर आधारवर सासरचे आडनाव आले, पासपोर्ट मात्र माहेरच्या नावाचा. लसीकरण केंद्रावर बहुतेकांनी आधार दाखवले, त्यामुळे कोविनवर, म्हणजे लसीकरणाच्या सरकारी संकेतस्थळावर, आधारचे नाव चढले. त्यात इंग्रजी स्पेलिंग: एका कागदावर ‘वैशाली’च्या शेवटी आय, दुसऱ्यावर वाय. आपल्या कानाला नाव एकच. संगणकाला आणि परदेशातल्या अधिकाऱ्याला ती दोन माणसे वाटतात.

जन्मतारखेचे दुखणे वेगळे. कोविनच्या प्रमाणपत्रावर सुरुवातीला वयच असे. पूर्ण जन्मतारीख हवी अशी मागणी परदेशांतून आल्यावर सप्टेंबर २०२१ च्या शेवटी परदेशी जाणाऱ्यांसाठी तशी सोय झाली. ज्येष्ठांपैकी अनेकांच्या आधारवर फक्त जन्मवर्ष किंवा १ जानेवारी अशी तारीख असते. पासपोर्टवर शाळेच्या दाखल्याची. माझ्या वहीतल्या एका आजींच्या तीन कागदांवर तीन तारखा होत्या. दोष त्यांचा नव्हता. त्यांच्या जन्माच्या वेळी गावात नोंदच झाली नव्हती. पण ते काउंटरवर समजावत बसायला वेळ नसतो.

काय करायचे: कोविनवर ‘तक्रार नोंदवा’ या भागात पासपोर्ट क्रमांक जोडता येई आणि नाव दुरुस्त करता येई. दुरुस्तीची संधी एकदाच होती. म्हणून घाईने बटण दाबण्याआधी पासपोर्ट समोर उघडा ठेवून अक्षर अन् अक्षर जुळवायचे. दुसऱ्या कोणाला तरी मोठ्याने वाचायला सांगायचे. काहींनी दोन डोस दोन मोबाइल क्रमांकांवर घेतले होते. त्यांच्याकडे ‘पहिल्या डोस’ची दोन प्रमाणपत्रे आणि अंतिम एकही नाही, अशी अवस्था. ती एकत्र करण्याचीही सोय त्याच भागात होती.

पुढच्या कोणत्याही साथीसाठी माझा आग्रह आहे: परदेशी जायची शक्यता असेल तर लस घेताना ओळखपत्र म्हणून पासपोर्टच दाखवा.

आमची लस त्या देशाला मान्य आहे का, हे कसे कळेल?

इथे दोन वेगळे प्रश्न आहेत. लस मान्य आहे का, आणि प्रमाणपत्र मान्य आहे का. ब्रिटनने आपल्याला हा फरक चांगलाच शिकवला.

कोव्हिशील्ड पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होत होती, ब्रिटनमधल्या अ‍ॅस्ट्राझेनेकाचीच लस. जागतिक आरोग्य संघटनेने तिला १५ फेब्रुवारी २०२१ रोजी मान्यता दिली होती आणि पुण्याहून ५० लाख डोस ब्रिटनलाही गेले होते. तरी १७ सप्टेंबर २०२१ रोजी ब्रिटनने जाहीर केलेल्या नियमांत भारतात दोन्ही डोस घेतलेला माणूस लस न घेतलेल्यांत मोजला गेला. पाच दिवसांनी लशीचे नाव यादीत आले. पण देशांच्या यादीत भारत नव्हता, कारण प्रमाणपत्रावर त्यांचे समाधान नव्हते. ४ ऑक्टोबरपासून भारताने ब्रिटिश नागरिकांना तशाच अटी लावल्या, दहा दिवसांच्या विलगीकरणासह. ११ ऑक्टोबरपासून ब्रिटनने भारतीय प्रमाणपत्र मान्य केले. त्या तीन आठवड्यांत निघालेल्या विद्यार्थ्यांनी विलगीकरणाचे दिवस भाड्याच्या खोलीत एकट्याने काढले. सत्र सुरू झालेले, आणि लस तर घेतलेली. मला आजही तो अन्यायच वाटतो.

कोव्हॅक्सिन घेतलेल्यांची वाट अधिक लांब होती. जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता ३ नोव्हेंबर २०२१ रोजी आली. अमेरिकेने ८ नोव्हेंबरला लसवंतांना दार उघडले, म्हणजे ही मान्यता त्याच्या जेमतेम पाच दिवस आधी मिळाली. ऑस्ट्रेलियाने कोव्हिशील्ड १ ऑक्टोबरला आणि कोव्हॅक्सिन १ नोव्हेंबरला मान्य केली, ब्रिटनने कोव्हॅक्सिन २२ नोव्हेंबरला. तेव्हा कित्येकांनी विचारले, ‘आधीची लस लपवून दुसरी घेऊ का?’ मी कोणालाही हो म्हटले नाही. शरीरावर काय परिणाम होईल हे डॉक्टरांना न विचारता, खोटी माहिती देऊन लस घेणे हा उपाय नव्हे.

दुसऱ्या डोसची तारीख प्रवासानंतरची आहे. लवकर मिळू शकतो?

विचारा, कारण सवलत कधी कधी असते आणि लोकांपर्यंत पोहोचत नाही. १३ मे २०२१ रोजी कोव्हिशील्डच्या दोन डोसमधले अंतर १२ ते १६ आठवडे झाले आणि ऑगस्टमध्ये निघणारे विद्यार्थी हवालदिल झाले. ७ जूनला केंद्राने सूट दिली: शिक्षणासाठी, नोकरीसाठी आणि टोकियो ऑलिंपिकसाठी जाणाऱ्यांना २८ दिवसांनंतर दुसरा डोस, ३१ ऑगस्टपर्यंत. प्रवेशपत्र किंवा नोकरीचे पत्र आणि पासपोर्ट दाखवावा लागे. मुंबई महापालिकेने त्याआधीच कस्तुरबा, राजावाडी आणि कूपर रुग्णालयांत विद्यार्थ्यांना नोंदणीशिवाय थेट लस द्यायला सुरुवात केली होती, आणि त्या निर्णयाने अनेकांचे वर्ष वाचले. लेकीकडे जाणाऱ्या आईला मात्र या यादीत जागा नव्हती. पुढे १२ मे २०२२ पासून परदेशी जाणाऱ्यांना तिसरा, म्हणजे प्रिकॉशन डोस नऊ महिन्यांऐवजी ९० दिवसांनी घेता येऊ लागला.

शेवटचा डोस घेतला की लगेच ‘पूर्ण लसीकरण’ होत नाही. बहुतेक देश त्यानंतरचे १४ दिवस मोजत. तिकीट त्या हिशेबाने काढा.

कोविड होऊन गेला, आता बरी आहे, पण चाचणी पॉझिटिव्हच येते. काय करू?

घाबरू नका, असे होते. विषाणूचे अवशेष काही आठवडे शरीरात राहतात आणि आरटी-पीसीआर त्यांनाही पकडते. अमेरिकेने यासाठी वाट ठेवली होती: गेल्या ९० दिवसांतला पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि प्रवासाला हरकत नसल्याचे डॉक्टरांचे सही-शिक्क्याचे पत्र. म्हणून आजारातला तो पहिला रिपोर्ट जपून ठेवायचा. मात्र प्रत्येक देश हे मानत नसे, आणि दुबईला जाताना इथल्या विमानतळावर होणाऱ्या चाचणीपुढे असे पत्र चालत नव्हते. ‘अमुक प्रयोगशाळेत निगेटिव्ह देतात’ अशा कुजबुजीवर विसंबून दारोदार चाचण्या करत फिरू नका.

वाटेत फक्त विमान बदलायचे आहे. त्या देशाचे नियम आम्हाला लागू होतात का?

बहुधा होतात. दोन वेगळ्या तिकिटांवर असाल आणि सामान घेऊन पुन्हा चेक-इन करायचे असेल, तर तुम्ही त्या देशात ‘प्रवेश’च करत असता.

कॅनडाला निघालेल्या मुलांनी हे सोसले. २२ एप्रिल २०२१ ते २६ सप्टेंबर २०२१ भारतातून कॅनडाला थेट विमाने बंद होती, आणि भारतातला रिपोर्ट तिसऱ्या देशामार्गे जाताना चालत नव्हता. चाचणी त्या तिसऱ्या देशातच करायची. मुले मालदीवला, मेक्सिकोला, सर्बियाला जाऊन राहिली. वीस वर्षांचे पोर अनोळखी गावात रिपोर्टची वाट बघत बसले आहे, आणि इकडे आई-वडिलांचा डोळ्याला डोळा नाही. थेट विमाने सुरू झाली तेव्हाही दिल्ली विमानतळावरच्या ठरावीक प्रयोगशाळेचा, सुटण्यापूर्वी १८ तासांच्या आतला रिपोर्ट लागे. म्हणजे पुण्या-मुंबईच्या मुलांना दिल्ली गाठणे आले. असा प्रवास करावाच लागला तर त्या देशाचा व्हिसा, चाचणीची जागा, आणि तिथे पॉझिटिव्ह आलो तर किती दिवस कुठे राहायचे, या तिन्हींची उत्तरे निघण्याआधी लिहून काढा.

लहान मुलांचे काय?

वयाची अट चाचणीला वेगळी आणि लशीला वेगळी. भारतात येताना पाच वर्षांखालच्यांना चाचणी नव्हती. अमेरिकेला जाताना चाचणीची सूट दोन वर्षांखाली आणि लशीची १८ वर्षांखाली होती. वय प्रवासाच्या दिवशी किती आहे ते बघा.

ओळखीचा एक जण नमुना न घेताच निगेटिव्ह रिपोर्ट देतो म्हणतो.

घेऊ नका. तो गुन्हा आहे, आणि विमानात तुमच्या शेजारी कोणाची तरी म्हातारी आई बसलेली असते. परिणाम इतरांनाही भोगावे लागतात: प्रवासी उतरल्यावर पॉझिटिव्ह निघाले म्हणून हाँगकाँगने २०२० मध्ये एअर इंडियाची विमाने पुन्हा पुन्हा रोखली, आणि नियम पाळणारेही अडकले.

भारतात परत येताना काय लागायचे?

परदेशात अडकलेल्यांना आणणारी सरकारच्या वंदे भारत मोहिमेची विमाने ७ मे २०२० ला सुरू झाली तेव्हा उतरल्यावर विलगीकरण ठरलेलेच. महिनाअखेरीच्या नियमांत सात दिवस स्वखर्चाने हॉटेलात आणि सात दिवस घरी. ऑगस्टपासून ‘एअर सुविधा’ या सरकारी संकेतस्थळावर स्वयंघोषणा आणि निगेटिव्ह रिपोर्ट असेल तर सूट, रिपोर्ट आधी ९६ तासांतला, नंतर ७२ तासांतला. डिसेंबर २०२० मध्ये ब्रिटनमध्ये विषाणूचा नवा प्रकार आढळल्यावर महाराष्ट्राने युरोप आणि आखातातून येणाऱ्यांना पुन्हा संस्थात्मक विलगीकरणात ठेवले. १४ फेब्रुवारी २०२२ पासून सात दिवसांचे विलगीकरण गेले, १४ दिवस स्वतःच प्रकृतीवर लक्ष ठेवणे आले. एअर सुविधा २२ नोव्हेंबर २०२२ ला बंद झाली; जानेवारी २०२३ मध्ये चीन, जपान, सिंगापूर, थायलंडसह सहा ठिकाणांसाठी पुन्हा आणली आणि फेब्रुवारीत काढली.

वडील अत्यवस्थ आहेत. रिपोर्टसाठी थांबायला वेळच नाही.

या प्रश्नाचे फोन मध्यरात्री येत आणि मन हलून जाई. २०२० च्या नियमांत घरातला मृत्यू, गंभीर आजार, गरोदरपण आणि दहा वर्षांखालच्या मुलांसोबतचे पालक यांना हॉटेलऐवजी घरी राहण्याची मुभा होती, आणि तिच्यासाठी एअर सुविधावर अर्ज करता येई. पण अर्ज प्रवासाच्या ७२ तास आधी करा, असे लिहिलेले असे. ज्याचे वडील आज गेले त्याला तीन दिवस कुठले? तरीही अर्ज करा. रुग्णालयाचे पत्र किंवा मृत्यूचा दाखला जोडा, आणि त्याच वेळी जिथे आहात तिथल्या भारतीय दूतावासाच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. फोन करायला घरातल्या दुसऱ्या कोणाला बसवा. ज्याच्यावर दुःख कोसळले आहे त्याला फॉर्म भरायला लावू नका.

आता कोविडच्या अटी नाहीत. मग लशीचा कागद कुठेच लागत नाही का?

लागतो, पिवळ्या तापाचा. केनिया, नायजेरिया, ब्राझील अशा देशांत जाऊन येणाऱ्यांकडून भारत हे प्रमाणपत्र मागतो आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतो. कारण साधे आहे: हा रोग आपल्याकडे नाही, पण तो पसरवणारा एडिस डास घरोघरी आहे. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते, त्यामुळे आदल्या आठवड्यात धावाधाव करून उपयोग नाही. वय साठच्या पुढे असेल, अंड्याची अ‍ॅलर्जी असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

जुने कागद टाकून द्यावेत का?

पिवळ्या तापाच्या प्रमाणपत्राचे पुस्तक टाकू नका. ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालते, आणि हरवले तर नव्याने मिळवताना दमछाक होते. ते पासपोर्टच्या वेष्टणातच ठेवा. कोविनचे अंतिम प्रमाणपत्र उतरवून छापील प्रत काढून ठेवा. ज्या मोबाइल क्रमांकावर नोंदणी केली तो कधी बंद पडेल सांगता येत नाही. आरटी-पीसीआरचे जुने रिपोर्ट फाडायला हरकत नाही. फाडताना पासपोर्ट क्रमांकाचा भाग बारीक करा.